गाठीच्या बाजूचं माप

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. आत्ता माझं डोकं फिरलंय.

काल भावजींनी छापखान्यातून फोन केला. घरून का नाही केला म्हणून विचारलं, तर म्हणाले, तुमच्या बहिणीने घरातला फोन कापडात गुंडाळून कपाटात टाकलाय. फोनच्या लहरींनी गाठ कडक होते म्हणे. मी म्हटलं, कसली गाठ? त्यांच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. तुझ्या डाव्या छातीत गाठ आहे, डॉक्टरांनी सुई टोचून आतला तुकडा तपासायला सांगितलाय, आणि तू तिथून जी उठलीस ती तडक कुठल्याशा पाणीवाल्या बाईकडे गेलीस!

रंगीत बाटलीत पाणी भरायचं, उन्हात ठेवायचं आणि घटाघटा प्यायचं. निळ्या बाटलीने सूज उतरते, हिरवीने गाठ विरघळते. ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? कापडाचा कच्चा रंग नुसता बोटाने चोळून ओळखतेस तू. काचेचा रंग पाण्यात उतरत नाही, हे तुला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने सांगायचं? सगळ्या गल्लीतल्या बायका तुझ्याकडे अक्कल मागायला येतात, आणि तू ती गहाण टाकून बसलीस!

मी पुढच्या सोमवारी रजा काढून येतोय. सरळ चाललीस तर ठीक, नाहीतर उचलून नेईन. भावजींनाही सांगून ठेव, मधे पडू नका म्हणावं. तसेही ते कधी पडत नाहीत.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

येऊ नकोस. आलास तर दार उघडणार नाही, आणि तुझे भावजीही उघडणार नाहीत. त्यांना मी तंबी दिलीय.

मला अक्कल शिकवायला निघालास, तुझ्या चड्डीची नाडी मी घालून देत होते ते विसरलास वाटतं. आणि बाईंना पाणीवाली म्हणू नकोस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मी बोलायची थांबेपर्यंत सोडला नाही. डॉक्टरांनी काय केलं माहितेय? पडदा अर्धा उघडाच. दाबून पाहिलं, हात धुतले, आणि तुझ्या भावजींना म्हणाले, यांची सुई करून घ्या. यांची! मी तिथेच बसले होते, ब्लाउजची बटणं लावत. माझ्याकडे बघून बोलायला काय जात होतं त्यांचं?

आणि सुईचं म्हणशील तर तू तेव्हा बोर्डिंगात होतास. आईला सुई टोचली तेव्हा तिच्या उशाशी मी होते. चालत गेली होती रे ती आत. सुई टोचली आणि पुढच्याच महिन्यात ती अंथरुणाला खिळली, परत उठली नाही. गाठ झोपलेली असते, सुईने तिला जाग येते. हे बाईंनी मला सांगितलं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. ते मला कोणी पुसून देऊ शकत नाही.

माझी काळजी घ्यायला माझी लेक आहे. चिऊ बालवाडीत शिकवायला जायच्या आधी रोज सगळ्या बाटल्या गच्चीवर नेऊन मांडते, आल्यावर खाली आणते. तिला तरी आईचं ऐकावंसं वाटतं.

ओरडायचं असेल तर पत्र लिहू नकोस. न फोडता परत पाठवीन.

ताई


२० एप्रिल

प्रिय ताई,

मार्चमधली दोन्ही पत्रं तू खरंच न फोडता परत पाठवलीस. पाकिटावर पत्तासुद्धा किती ठसठशीत अक्षरात लिहिलायस! पोस्टमन हसत होता. हेही परत येईल, पण लिहितो.

मागच्या आठवड्यात एका जुन्या इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या. दोन मजल्यांच्या मध्ये. माझ्याबरोबर कामाला नवीन आलेला मेकॅनिक होता, तो दाराला तोंड लावून ओरडायला लागला, कोणी सांगितलं सगळी बटणं दाबायला? अक्कल नाही? आतून आवाजच बंद झाला. बाई आहेत की बेशुद्ध पडल्या, कळेना. आमच्या कामात पहिला नियम आहे, आतल्या माणसाशी बोलत राहायचं. कामधंदा, मुलंबाळं, काहीही. घाबरवायचं नाही, चूक काढायची नाही. त्याला मी बाजूला केलं आणि बाईंना विचारलं, पिशवीत काय आणलंय? बऱ्याच वेळाने आतून आलं, कांदे.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, तो नवीन मेकॅनिक बहिणीला पत्रं लिहितो का हो?

तू म्हणशील, मी काय अडकलेय की काय. तसं नाही म्हणत. मी ओरडणारा होतो, एवढंच म्हणतोय. आता ओरडणार नाही, आणि सुईचं नावही काढणार नाही. शपथ. फक्त तू लिहीत राहा. त्या दिवशी दवाखान्यात पडदा अर्धा उघडा होता, हे वाचून माझे हात शिवशिवले होते, ते तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. तुला त्या दिवशी घरी आल्यावर कसं वाटलं? दुकान कसं चाललंय? त्या बाईंकडे आणखी कोण कोण येतं? पाण्याला काही चव असते का? चेष्टा करत नाही गं, खरंच विचारतोय.

तुझा धाकटा


२ मे

प्रिय धाकट्या,

फोडलं. कांद्यांनी फोडायला लावलं. तुझ्या बायकोला म्हणावं, तुझ्यामुळे हा माणसात आला.

चव काही नसते. हिरव्या बाटलीचं जरा गोडसर लागतं, पण तो भास असेल. बाईंच्या खोलीत आम्ही सात-आठ जणी बसतो. एक गुडघेवाली, एक दमेवाली, एक सारखी रडणारी. तिला काय झालंय ते तिला स्वतःलाच माहीत नाही. सगळ्या जणी एकमेकींना विचारतात, आज कसं वाटतंय? तुला हसू येईल, पण मला लग्न झाल्यापासून असं कोणी रोज विचारलेलं नाही. तुझे भावजी चांगले आहेत, पण प्रुफं तपासून तपासून त्यांना चुकीचा शब्द दिसतो, पडलेला चेहरा दिसत नाही. त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो, त्यांनी चहा केला, मला दिला आणि पेपर उघडला. घाबरले होते बिचारे. पण मग मी कोणाला सांगायचं?

चिऊ मात्र सारखी भोवती असते. बालवाडीतल्या पोरांना झोपवायचं गाणं मला म्हणून दाखवते. मी म्हटलं, अगं मी तुझी आई आहे की तू माझी?

आता एक चांगली बातमी. गाठीच्या बाजूचं माप उतरतंय! मी दर रविवारी घेते. आपण जाकिटाला अर्ध्या छातीचं घेतो ना, पाठीच्या कण्यापासून पुढच्या मध्यापर्यंत, तसं. आधी उतरतच नव्हतं, उलट चढत होतं, ते मी तुला सांगितलं नाही. नवीन टेपची कडा टोचते, कातडी नाजूक झालीय तिथली, म्हणून मी शिवणाच्या डब्यातून आईची जुनी कापडी टेप काढली. किती मऊ झालीय ती! हाताला आईच्या पदरासारखी लागते. ती घेतली आणि माप जे उतरायला लागलं ते उतरतंच आहे. मला वाटतं आईच वरून बघतेय. आता ती टेप मी गळ्यातून काढतच नाही. दुकानातही तीच वापरते.

दुकानाचं काय विचारतोस! कटकट आहे नुसती. या महिन्यात चार गिऱ्हाइकांनी कपडे परत आणले, सगळ्यांचे घट्ट. बँकेतल्या बाईंचा कोट तर पाठीत बसतच नाही. मी म्हटलं, बाई, माप माझं चुकत नाही, तुम्ही बसून बसून सुटलात. रागावल्या. सगळं गाव जाड होतंय आणि मी एकटी बारीक होतेय. माझा स्कर्ट कमरेत आणखी आत घेतला काल. आमच्या बाई म्हणतात, हे आतलं विष बाहेर पडतंय.

तू असा बोलायला लागलास की मला बरं वाटतं. असंच लिही.

तुझी ताई


१४ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र पाच-सहा वेळा वाचलं. हिलाही वाचायला दिलं. दमेवाली आणि रडणारी वाचून आम्ही दोघं हसलो. भावजींचं वाचून हसू आलं नाही. तुला तेव्हा कोणाजवळ तरी बोलायचं होतं आणि आमच्यापैकी कोणी तिथे नव्हतं. बाई होत्या. त्यांनी तुझा हात धरला, त्याबद्दल मी त्यांना वाईट म्हणणार नाही.

एक शंका आहे. शिवणकामातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून विचारतो. तू माप टेपने घेतेस, पण कापड टेबलावरच्या लाकडी पट्टीवर मोजून कापतेस, हो ना? लहानपणी त्या पट्टीचा मार मी खाल्लाय, म्हणून लक्षात आहे. तर गिऱ्हाइकांचे कपडे घट्ट व्हायला लागले ते आईची टेप गळ्यात आल्यापासून का? आणि तुझं माप उतरायला लागलं तेही तेव्हापासूनच?

मी लिफ्टच्या तारा बघतो. तार वापरून वापरून लांबते, एवढंच मला ठाऊक. टेपचं तुला माहीत. एकदा ती पट्टीवर ठेवून बघशील का? मला काय निघालं ते कळवलं नाहीस तरी चालेल.

आणखी एक. आईला गाठ पहिल्यांदा कधी लागली होती? मला कोणी सांगितलंच नाही कधी. मला वाटायचं, सुईच्या जरा आधी.

वादासाठी विचारत नाही. तू रागावलीस तर मला चालणार नाही, कारण आता मला तुझ्या पत्रांची सवय झालीय.

तुझा धाकटा


९ जून

धाकट्या,

पत्र आलं त्याच दिवशी दुकान बंद केलं आणि टेप पट्टीवर ठेवली.

ताणलीय. छातीएवढ्या लांबीत चांगलं इंचभर कमी दाखवतेय.

माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्याच दिवशी सांगते, कापडी टेप ताणते गं, तिच्यावर विश्वास ठेवू नका, सारखी पट्टीवर तपासा. घसा कोरडा पडेपर्यंत सांगते. आणि मीच! मला कळत नव्हतं असं नाही रे. कोट परत आला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. मी तिला हाकललं. मला माप उतरायला हवं होतं.

नव्या टेपने घेतलं. किती भरलं ते लिहीत नाही. आता तिथून पाणी येतं, वासही येतो. चिऊला सांगितलेलं नाही, तुझ्या भावजींना तर नाहीच. तू पहिला. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, गाठ फुटतेय म्हणजे चांगलंच आहे, बाहेर पडू दे. मी मान डोलावली आणि घरी येऊन न्हाणीघरात बसून राहिले.

आईचं विचारलंस. आईने वर्षभर लपवली होती. शालीखाली. मला ठाऊक होतं, तिने मला शपथ घातली होती.

मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय रे. ये. पण तीन अटी आहेत. आधी सांगत होतो असं म्हणायचं नाही. पडदा पूर्ण ओढलेला पाहिजे. आणि डॉक्टर जे बोलतील ते माझ्याशी बोलतील, तुझ्याशी नाही. सुईसुद्धा करते. तू इतकं गोड बोललास, तुला नाही म्हणता येत नाही. तू म्हणतोस म्हणून.

ताई


१९ जुलै

प्रिय धाकट्या,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. आडवं पडून लिहितेय.

तू गेल्यापासून पाठीने धरलंय ते सोडत नाही. गोळ्या दिल्यात, त्यांनी झोप येते, दुखणं जागंच राहतं. मोठ्या हॉस्पिटलात सगळी माणसं तू म्हणालास तशी निघाली. नर्सने पडदा नीट ओढला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून बोलल्या, आपल्या हातात आता फक्त दुखणं कमी करणं आहे, हेसुद्धा माझ्याकडे बघून म्हणाल्या. चांगली माणसं. पहिल्यांदाच अशी भेटली असती तर कोण जाणे.

पण व्हायचं ते झालंच ना रे. सुई टोचली आणि दुखण्याने कण्यात उचल खाल्ली. आईचं झालं अगदी तस्संच. ती चालत आत गेली होती, मीही चालतच गेले होते, तू बघितलंस.

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही, उलट त्यासाठीच लिहितेय की तू स्वतःला दोष देऊ नयेस. तू निघताना तुझा चेहरा बघितला मी. तू जे सांगितलंस ते पोटतिडकीने सांगितलंस. तुला त्यातलं कळलं नाही, एवढंच. तू माझ्या बाटल्यांवरून मला हिणवलं नाहीस, पहिलं पत्र सोडलं तर, मग मी तुला सुईवरून कशी हिणवू? तू गोड बोललास तसंच मीही गोड बोलेन. मी तुला माफ केलंय. मनात कसलीही अढी नाही. तूही ठेवू नकोस.

चिऊ फार चिडली होती. मामामुळे झालं म्हणाली. मी तिला जवळ घेऊन समजावलं, मामावर रागावू नको, त्याने प्रेमापोटी केलं, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. तू मात्र यातून शीक म्हटलं. आता बरीच निवळलीय.

तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग. तब्येत सांभाळ.

तुझी ताई


२६ जुलै

प्रिय ताई,

आधी लिहिलेले तीन कागद फाडले. त्यात मी पुन्हा ओरडलो होतो.

तू मला माफ केलंस. ती माफी मी घेतली. परत पाठवत नाही. तुला मला काहीतरी द्यायचं होतं आणि तुझ्याजवळ जे होतं ते तू दिलंस, हे मला कळतं. घरात कोणी नसताना ते पत्र वाचलं आणि मोठ्याने रडलो. ही दुकानातून आली तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभा होतो.

एक सांगतो. माणूस लिफ्टमध्ये अडकतो तेव्हा दारापाशी बोलत राहणारा एक लागतो, आणि वर मोटरपाशी लिफ्ट हलवणारा दुसरा. बोलणारा म्हणून मी बरा असेन. पण एप्रिलपासून मी नुसता बोलतच राहिलो. सुईचं नाव काढणार नाही अशी शपथ घेतली आणि ती पाळली, आणि वर कोणीच नव्हतं. ओरडलो तर तू पत्र परत पाठवशील, ही भीती मला गाठीच्या भीतीपेक्षा मोठी झाली. तुझ्याशी भांडण न करता खरं कसं बोलायचं, ते मला आलं नाही. अजूनही येत नाही, पण आज बोलावंच लागणार आहे. हात जोडून विनंती आहे, हे दुसरं पान पूर्ण वाच.

मला वाटेल ते म्हण, पण चिऊला सुईचं सांगू नकोस. कण्याचा फोटो सुईच्या आधी काढला होता ताई. त्याच सकाळी. तू आत होतीस, मी बाहेर बाकावर तुझी पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो. फोटो काढणाऱ्याने डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्या फोटो बघून बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मला तिथेच कळलं. कण्यात ते आधीच पोचलेलं होतं. सुई दुपारी झाली. सुईने कोणाला जाग आली नाही. आईलाही नाही. तिने ते वर्षभर शालीखाली ठेवलं होतं, तूच लिहिलंस. तुझी आणि तिची सुई सारखी म्हणून तुमचं सारखं झालं नाही. तुमचा उशीर सारखा होता.

हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटतेय. अंथरुणावरच्या बहिणीला तुझा उशीर झाला म्हणून कोणता भाऊ लिहितो? पण चिऊची आजी गेली, आता तू अशी. तिला धोका आहे. तिला दर वर्षी तपासून घ्यावं लागेल, आणि काही लागलं तर त्याच आठवड्यात सुई. माझं ती ऐकणार नाही, मी तिच्या आईला सुई टोचवणारा मामा. तुझं ऐकेल. तिला जवळ बसवून, तुझ्या तोंडाने एवढंच सांग, सुईने नाही झालं, मी उशिरा गेले. दोन वाक्यं. मग मला आयुष्यभर नावं ठेव.

मी पंधरा तारखेपर्यंत येतोय. गरज लागली तर आधीच.

तुझा धाकटा


२८ ऑगस्ट

प्रिय मेव्हणे,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आलात तेव्हा ती बोलायच्या पलीकडे गेली होती. ती गेल्यानंतरचे दोन दिवस तुम्ही इथे होतात, पण घरात माणसं होती, आणि मला समोरासमोर बोलायला तसंही जमत नाही. म्हणून हे पत्र.

तुमचं शेवटचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. तिला कागद धरवत नव्हता. चिऊ पायाशी बसली होती. मी पहिलं पान वाचलं. माफी घेतली, परत पाठवत नाही, इथे ती हसली. म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. ओट्याला धरून उभे होतात तिथे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते चांगलं पाणी होतं. त्या दिवशी ती दोन चमचे सूप जास्त प्यायली. तुमच्या पत्राने तिला फार शांतता मिळाली, हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं.

दुसरं पान मी आधी मनात वाचून घेतलं. तुमचं म्हणणं खरं आहे, यात मला शंका नाही. फोटो सकाळी झाला, सुई दुपारी झाली, मीही तिथेच होतो. पण तिला वाटलं असतं, आपल्याच हाताने आपण हे ओढवून घेतलं. आणि लेकीसमोर. राहिलेल्या थोड्या दिवसांत हे दुःख तिला कशाला द्यायचं, असं मनात आलं. छापखान्यात एवढी वर्षं काढली, दुसऱ्याच्या मजकुरातली ओळ कधी गाळली नव्हती. मी कागदाची घडी घातली. चिऊने विचारलं, बाबा, एवढंच आहे? मी म्हटलं, एवढंच.

चिऊचा तुमच्यावर राग राहिलेला नाही. आईने शेवटपर्यंत तिला हेच सांगितलं, मामाला माफ कर, आणि तिने मनापासून केलंय. तुमचा विषय निघाला की ती प्रेमानेच बोलते. बाईंच्या खोलीत आता ती आईच्या जागेवर बसते, तिथे तिला बरं वाटतं. परवा जेवताना म्हणाली, काखेत काहीतरी हाताला लागतंय. डॉक्टरांकडे जाऊ या का म्हणून मी विचारलं, तर घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मग मी विषय बदलला.

दुसरं पान माझ्या टेबलाच्या खणात जपून ठेवलंय. ते तिला द्यायचंच आहे. पण आत्ताच नको असं मला वाटतं, थोडी सावरू दे तिला.

तुमचा,
भावजी